चौकटीतली गोष्ट पडद्यावर येताना काय हरवतं?

प्रश्न थोडक्यात असा: आवडत्या कॉमिकवर ॲनिमेशन मालिका आली. कथा तीच, पात्रं तीच, बरेचसे संवादही जसेच्या तसे. तरी तीन भाग बघून मन उडालं. यात दोष बनवणाऱ्यांचा की वाचकाच्या अपेक्षांचा? आणि अशी मालिका बघावी की नाही, हे आधी कसं ओळखायचं?

मी बरीच वर्षं ॲनिमेशनमध्ये स्टोरीबोर्ड करतो आहे. गोष्ट शॉटमध्ये मोडायची, कॅमेरा कुठे असेल आणि कुठला शॉट किती वेळ टिकेल ते ठरवायचं, हे माझं काम. कॉमिकवरून काही करायचं असलं की पहिली अडचण याच टेबलावर येते, म्हणून उत्तरही इथूनच देतो.

अपेक्षांना दोष देऊ नका. वाचकाला जे खटकतं ते बहुतेक वेळा खरोखरच बिघडलेलं असतं. फक्त कारण सांगताना तो चित्राकडे किंवा कथेतल्या एखाद्या बदलाकडे बोट दाखवतो. माझ्या मते मुख्य कारण वेळेत असतं.

कॉमिक वाचताना घड्याळ तुमच्या हातात असतं. एका चौकटीत कुणीतरी हात उगारलाय, पुढच्या चौकटीत जमिनीवर काचांचा सडा पडलाय. मधल्या पांढऱ्या पट्टीत जे घडलं ते कुणीच काढलेलं नाही. ते तुम्ही घडवलं. फटक्याचा वेग, काच फुटल्याचा आवाज, त्यानंतरची शांतता, सगळं तुमचं. आवडलेल्या चौकटीवर तुम्ही मिनिटभर थांबता, नावडती अर्ध्या सेकंदात ओलांडता, दोन पानं मागे जाऊन चेहरा पुन्हा बघता. ॲनिमेशनमध्ये ती पांढरी पट्टी उरतच नाही. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं झाली, आणि त्यातल्या प्रत्येकात हात नेमका कुठे आहे हे कुणीतरी ठरवलेलं असतं. म्हणजे रूपांतर करताना चित्रांना हालचाल दिली जाते एवढंच नाही. वाचक जे काम करत होता ते त्याच्याकडून काढून घेतलं जातं. त्याच्या बदल्यात त्याला काहीतरी मिळायला हवं. ते मिळालं नाही, की सगळं ‘तेच’ असूनही मालिका रिकामी वाटते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा १९६६ सालचा आहे. ‘द मार्व्हल सुपर हीरोज’ या टीव्ही मालिकेत छापील कॉमिकमधलीच चित्रं झेरॉक्सच्या तंत्राने उचलली होती. ओठ हलवले, एखादा हात सरकवला, कॅमेरा इकडून तिकडे नेला. चित्राशी याहून प्रामाणिक राहणं शक्य नाही. मार्व्हलचा चित्रकार जॅक कर्बी याची रेघ होती तशीच पडद्यावर आली. आणि कागदावर अंगावर येणारी त्याची मूठ पडद्यावर नुसती सरकणारी आकृती झाली. कर्बी एका चित्रात हालचालीचा आधीचा आणि नंतरचा क्षण एकत्र कोंबायचा. खांदा अजून मागे आहे, मूठ मात्र पोहोचून गेली आहे. तशी अवस्था प्रत्यक्षात कुठल्याही एका क्षणी नसते. कागदावर ती जिवंत वाटते, कारण तिथे वेळ तुम्ही घालता. पडद्यावर वेळ आपोआप वाहत असतो, आणि वाहत्या वेळेत ते चित्र अडकल्यासारखं दिसतं.

नवीन मुलं कॉमिकवरून बोर्ड करायला बसली की गाजलेली चौकट उचलून तीच की फ्रेम, म्हणजे हालचालीतलं मुख्य चित्र, म्हणून ठेवतात. हेतू चांगला असतो, चाहत्यांना ती चौकट ओळखू यावी असा. पण त्या पोझच्या आधी आणि नंतर शरीर कुठे होतं, हे शोधल्याशिवाय मधली चित्रं काढणाऱ्याला जायला जागाच राहत नाही. मग पात्र त्या पोझमध्ये येतं, थबकतं आणि पुढे निघतं. तुम्हाला ‘काहीतरी लाकडी आहे’ असं वाटतं ते अनेकदा यामुळेच.

संवादांचंही तसंच. कॉमिकमध्ये नायक उडी मारताना हवेतच चार वाक्यं बोलतो. ते फुगे वाचूनही उडी लांबत नाही. दोन्ही गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी राहतात. तीच चार वाक्यं आवाज कलाकाराने म्हटली तर दहा-बारा सेकंद लागतात आणि उडी एका सेकंदाच्या आत संपते. आता संवाद कापा, उडीआधी म्हणवून घ्या, नाहीतर उडी ताणा. ‘एकही शब्द बदलू नका’ असा आग्रह असलेल्या मालिकांत बहुधा उडी ताणली जाते. म्हणून त्या मारामाऱ्यांत माणसं उभ्या उभ्या भाषणं करताना दिसतात. चालू असलेल्या साप्ताहिक मांगावर, म्हणजे जपानी कॉमिकवर, मालिका चालवायची असेल तर आणखी एक दाब येतो: कथेला मागे टाकून पुढे जाता येत नाही, आणि भाग तर दर आठवड्याला द्यावा लागतो. ‘ड्रॅगन बॉल झी’ २९१ भाग चालली. त्यात रोखून बघणारे चेहरे, मागच्या भागातले शॉट पुन्हा, मांगात नसलेली उपकथानकं, असं बरंच काही होतं. २००९ मध्ये तीच सामग्री कापून-जुळवून ‘ड्रॅगन बॉल झी काई’ आणली गेली, ती मुळाच्या वेगाजवळ जाण्यासाठीच.

मनातले विचार पडद्यावर आणणं याहून अवघड. फ्रँक मिलरच्या १९८६ च्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मध्ये म्हातारा होत चाललेला बॅटमॅन मनाशी सतत बोलत असतो. दुखणारं शरीर, त्याही वयात मारामारीतून मिळणारा कैफ, स्वतःबद्दलचा संशय, हे सगळं त्या छोट्या मजकुरात आहे. २०१२ आणि २०१३ मध्ये आलेल्या दोन भागांच्या ॲनिमेशनपटाने हे स्वगत काढून टाकलं. मारामाऱ्या उत्तम आहेत, घटनाक्रम नीट पाळला आहे. पण बाहेरून बघितलं तर एक दणकट माणूस लोकांना बदडतोय, एवढंच हाती येतं. स्वगत काढण्यामागचं कारण मला पटतं. अखंड निवेदन चाललं की प्रेक्षक चित्र बघणं सोडून आवाजामागे जातो. मात्र जे काढलं ते शरीरात यायला हवं होतं: उठताना लागणारा जास्तीचा क्षण, कठड्यावर टेकलेला हात, फटका मारल्यावर सावरायला लागणारा श्वास. ॲनिमेशनची ताकद नेमकी इथे असते, आणि तीच वापरली गेली नाही याचं मला वाईट वाटतं.

हे जमू शकतं, याचं उदाहरण ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’चा २०१९ चा पहिला सीझन. मांगात अनाथाश्रमातून पळू पाहणारी मुलं पानंच्या पानं मनात आडाखे बांधतात. मालिकेने ते विचार जवळजवळ सगळे गाळले आणि त्या जागी कॅमेरा ठेवला. दाराआडून, लांब मार्गिकेच्या टोकाकडून, कुणीतरी पाळत ठेवतंय असा. मुलं काय विचार करत आहेत हे आपल्याला कुणी सांगत नाही, पण त्यांच्या इतकीच धास्ती आपल्याला वाटते. त्याच मालिकेचा दुसरा सीझन २०२१ मध्ये आला, ११ भागांचा. मांगातला एक मोठा, वाचकांचा लाडका टप्पा पूर्ण वगळला गेला आणि शेवटच्या भागात उरलेल्या मोठ्या घडामोडी स्थिरचित्रांच्या मालिकेसारख्या दाखवून कथा संपवली. चाहते चिडले ते योग्यच होतं. कथा कापली म्हणून मी हे म्हणत नाही. पहिल्या सीझनने काढलेल्या प्रत्येक गोष्टीच्या बदल्यात काहीतरी दिलं होतं. दुसऱ्याने नुसतं काढलं.

आता चित्राबद्दल, कारण सर्वाधिक तक्रारी त्याच्याच असतात. ॲनिमेशनमध्ये एक पात्र अनेक हातांनी काढलेलं असतं. सगळ्यांचं एकसारखं यावं म्हणून मॉडेल शीट, म्हणजे पात्र कसं काढायचं याचा नमुना, बनते आणि त्यात पात्राच्या रेघा कमी केल्या जातात. एर्जेच्या टिनटिनला याचा फारसा त्रास होत नाही. एकसारख्या जाडीची, स्वच्छ, छायेशिवायची रेघ कुणालाही पाळता येते, म्हणून १९९१ पासून आलेली ३९ भागांची मालिका अल्बमच्या, म्हणजे कॉमिकच्या मूळ पुस्तकांच्या, इतकी जवळ दिसते. केंतारो मिउराचा ‘बर्सर्क’ हा मांगा याच्या दुसऱ्या टोकाला. त्याच्या जोडपानावरचं तिरक्या रेघांचं जाळं सेकंदाला १२ वेळा कुणीही काढू शकत नाही. २०१६ च्या मालिकेने थ्रीडीचा मार्ग घेतला आणि त्या रेघा पोत म्हणून आकृत्यांवर चढवल्या. मिउराची रेघ वजन दाखवते: चिलखत किती जड आहे, तलवार उचलताना पाठ कशी ताणली आहे. पोत म्हणून चिकटवलेली रेघ हे काहीच सांगत नाही, आणि आकृत्या वजनाशिवाय तरंगल्यासारख्या हलतात. रेघांची नक्कल केली, रेघांचं काम सोडून दिलं.

म्हणूनच ‘चित्र मुळासारखं नाही’ ही तक्रार मला अपुरी वाटते. ‘वन पंच मॅन’ मुळात अगदी ओबडधोबड रेघांचं वेबकॉमिक होतं आणि तरीही लोक त्यावर जीव टाकत होते, कारण विनोद कुठल्या चौकटीत पडायचा हे त्यात अचूक होतं. पुढे युसुके मुराताने ते नव्याने, थक्क करणाऱ्या तपशिलाने काढलं. २०१५ च्या मालिकेने या दोघांकडून जे घ्यायचं ते घेतलं: मुराताकडून झेप, मूळ कॉमिककडून कोरडा, सपाट क्षण. २०१९ चा दुसरा सीझन वेगळ्या स्टुडिओत आणि वेगळ्या दिग्दर्शकाकडे गेला, आणि फरक पहिल्याच मारामारीत कळतो.

भयकथांमध्ये आणखी एक गोष्ट हरवते, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. भयकथांचे मांगा काढणाऱ्या जुंजी इतोची भयानक चित्रं अनेकदा पान उलटल्यावर येतात. पान तुम्ही स्वतः उलटता. काय येणार याचा अंदाज असतो, तरी बोटं ते काम करतातच. ही भीती पडद्यावर आणायला थेट उपाय नाही. प्रेक्षकाच्या हातात काही नसतं, आणि संगीत आधीच इशारा देऊन टाकतं. त्याच्या मांगावर २०२४ मध्ये आलेल्या चार भागांच्या ‘उझुमाकी’ने पहिल्या भागात चांगली वाट काढली होती. सगळं कृष्णधवल, इतोची बारीक रेघ तशीच, आणि हालचाल इतकी संथ की एखादी गोष्ट वळायला लागली तरी नजर काढून घेता येत नाही. दुसऱ्या भागापासून ॲनिमेशन उघड घसरलं. मालिका जाहीर झाली होती २०१९ मध्ये. म्हणजे वर्षं मिळूनही सगळे भाग एका पातळीवर नेणं जमलं नाही. अशा वेळी ‘ॲनिमेटर आळशी’ असं लिहिलेलं वाचलं की मला राग येतो. पडलेल्या भागावर काम करणारी माणसं बहुधा सर्वांत कमी झोपलेली असतात. बिघाड वेळापत्रकात आणि पैशात असतो, आणि ते टेबलावर बसणाऱ्याच्या हातात नसतं.

काही निराशांचा मात्र या तंत्राशी संबंधच नाही. मूळ गोष्ट कशावर उभी आहे हेच कुणी पाहिलेलं नसतं. आपला वेताळ (इंग्रजीतला फँटम) घ्या. ली फॉकच्या कथांमध्ये तो साधा माणूस आहे. पिढ्यान् पिढ्या बापाचा पोशाख मुलगा चढवतो, म्हणून जंगल त्याला अमर समजतं. दहा वाघांचं बळ ही लोकांच्या तोंडची म्हण आहे. १९८६ च्या ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ मालिकेत तो मंत्र म्हटल्यासारखं वाक्य उच्चारतो आणि त्याच्या अंगात खरोखरच दहा वाघांचं बळ येतं. दंतकथेमागे हाडामांसाचा माणूस आहे, ही या पात्राची सगळी गंमत. ती एका वाक्यात संपली.

‘द किलिंग जोक’चं दुखणं लांबीचं. १९८८ चं हे बॅटमॅनचं पुस्तक पन्नास पानांपेक्षाही कमी. २०१६ मध्ये त्याचा सव्वा तासाचा चित्रपट करायचा म्हणून सुरुवातीला जवळपास अर्ध्या तासाची बॅटगर्लची नवी कथा जोडली गेली, त्यात तिचे आणि बॅटमॅनचे शरीरसंबंधही आले. त्यामुळे पुढे तिच्यावर होणाऱ्या अत्याचाराचा अर्थच बदलतो. मुळातही तिला फारसा न्याय मिळालेला नव्हता, पण या भरीने ते अधिक वाईट झालं. पुस्तक लहान असेल तर चित्रपटही लहानच करावा, असं माझं ठाम मत आहे.

मग मूळ निर्मात्याच्या हाती सगळं दिलं की झालं का? ॲस्टेरिक्सचा पहिला ॲनिमेशनपट १९६७ मध्ये त्याचे निर्माते गोसिनी आणि उदेर्झो यांना न कळवता बनवला गेला. तो त्यांना आवडला नाही, आणि पुढच्या वर्षीच्या क्लिओपात्रावरच्या चित्रपटात ते स्वतः उतरले. नंतर स्वतःचा स्टुडिओ काढल्यावर १९७६ च्या चित्रपटासाठी त्यांनी आधीचा अल्बम घेतला नाही, पडद्यासाठी नवीनच कथा लिहिली. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. कात्सुहिरो ओतोमोने आपल्याच मांगावरचा ‘अकिरा’ स्वतः दिग्दर्शित केला. दोन हजारांहून अधिक पानांचा मांगा, तोही १९८८ मध्ये अजून पूर्ण न झालेला, त्याने दोन तासांत बसवला. पात्रं गेली, कथेचा मोठा भाग गेला, आणि मांगा वाचलेल्यांना ते आजही सलतं. तरी चित्रपट उभा आहे. मोटरसायकलच्या दिव्यांच्या मागे राहणाऱ्या रेषा, शहराचा उजेड, पायाखालून जाणवणारे ढोलाचे ठोके, हे त्या पानांवर येऊच शकत नव्हतं.

आवाजाबद्दल दोनच गोष्टी. पीनट्स या कॉमिकवरच्या १९६५ च्या नाताळ कार्यक्रमात मुलांचे आवाज खऱ्या मुलांनी दिले आणि त्यातल्या स्नूपी या कुत्र्याचे विचार, जे कॉमिकमध्ये फुग्यांत असतात, ते कुणालाच म्हणायला लावले नाहीत. तो मूकाभिनेता झाला. स्नूपीचा आवाज प्रत्येक वाचकाच्या डोक्यात वेगळा होता आणि तो तिथेच राहू दिला. दुसरं उदाहरण न झालेल्या रूपांतराचं. बिल वॉटरसनने आपल्या ‘कॅल्विन अँड हॉब्ज’वर, म्हणजे एक मुलगा आणि त्याचा वाघ यांच्या कॉमिकवर, मालिका होऊ दिली नाही. या कॉमिकमध्ये तिसरं माणूस चौकटीत आलं की हॉब्ज कापडी खेळणं असतो, ते गेलं की जिवंत वाघ. बदल नेहमी दोन चौकटींच्या मध्ये होतो, कुणी बघत नसताना. पडद्यावर प्रत्येक कटला ठरवावं लागलं असतं की तो कधी आणि कुणाच्या नजरेने बदलतो, आणि एकदा ठरलं की तो नक्की काय आहे याचं उत्तरही ठरलं असतं. एक बोर्ड आर्टिस्ट म्हणून मला हे आव्हान खुणावतं. वाचक म्हणून ते झालं नाही याचा आनंद आहे.

अलीकडे वाचकाला त्याचा वेळ परत देण्याचा सर्वांत चांगला प्रयत्न मला २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’मध्ये दिसला. छपाईचे ठिपके आणि किंचित सरकलेले रंग सगळ्यांच्याच डोळ्यांत भरले. माझ्या दृष्टीने मोठा निर्णय होता वेगामुळे येणारी धूसरता काढून टाकण्याचा आणि बरीच हालचाल दोन-दोन फ्रेमवर ठेवण्याचा. त्यामुळे प्रत्येक पोझ एका चौकटीसारखी स्वच्छ वाचता येते. झोके घेताना नवखा स्पायडर-मॅन माइल्स दोन फ्रेमवर आणि अनुभवी स्पायडर-मॅन पीटर एका फ्रेमवर हलतो, तेव्हा शिकाऊपणासुद्धा संवादाशिवाय कळतो.

आता आधी काय बघावं ते. भागांची संख्या आणि त्यात बसवायची पुस्तकं यांचा हिशोब सर्वांत आधी करा. साप्ताहिक मांगाचं प्रकरण साधारण २० पानांचं असतं, आणि जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांच्या भागात अशी दोन-तीन प्रकरणं सुखाने मावतात. बारा भागांत दहा खंड आटोपणार असं दिसलं, तर काय होणार हे ट्रेलर न बघताही कळतं. दिग्दर्शक किंवा स्टुडिओ बदललाय का ते बघा; ‘सीझन २’ हे नाव तेच राहतं, माणसं राहतातच असं नाही. ट्रेलरमधली मारामारी बघू नका, ती सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त निगुतीने केलेली असते. दोन पात्रं नुसती बोलत असल्याचा शॉट शोधा. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही घडतंय का? कुणी गप्प बसलंय का, आणि त्या गप्प बसण्याला वेळ दिलाय का? कॉमिकमध्ये जे तुम्ही स्वतः भरत होता, त्याचा विचार करणारं कुणी त्या टीममध्ये आहे की नाही, ते या एका शॉटवरून बरंच कळतं. आणि पहिल्या भागावर विसंबू नका. वेळ आणि चांगले हात त्याच्याच वाट्याला सर्वांत जास्त येतात. दुसरा आणि तिसरा बघून मग ठरवा.